नाशिकच्या पावसात डोंगर चढायचाय? मग टोपी नीट निवडा

जून लागला की मेन रोड, शालिमारला दुकानांबाहेर रेनकोट आणि छत्र्या लटकायला लागतात. पहिल्यांदाच पावसाळी ट्रेकला निघालेली मंडळी रेनकोट घेतात, बूट घेतात, मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा घेतात. टोपीचा विषय निघालाच तर ठरलेलं उत्तर येतं, "रेनकोटला टोपी आहेच की!" ती टोपी म्हणजे हूड. हूडने डोकं झाकलं जातं हे खरं, पण मान वळवली तरी तो जागचा हलत नाही आणि बाजूला बघायला गेलं की त्याचं अस्तरच दिसतं. समोरून येणारा पाऊस तर त्याला अडवताच येत नाही. चष्मेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टोपी निवडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सह्याद्रीच्या पावसात डोकं पूर्ण कोरडं ठेवील अशी टोपी नाही. अर्धा-पाऊण तास चढलात की पाऊस आत आला नाही तरी घामाने केस भिजणारच. टोपीकडून अपेक्षा दोनच ठेवायच्या: डोळ्यांत पाणी जाऊ नये आणि वाऱ्यात ती डोक्यावर टिकावी. कापड, अस्तर, रंग, कंपनी हे सगळं त्यानंतर. दुकानात मात्र बोलणं कापडापासून सुरू होतं, कारण किंमत कापडाची असते.

पायरी १: आधी डोंगर ठरवा

नाशिक जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नसतो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पडतो, त्र्यंबकेश्वरलाही धो धो असतो. नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि पूर्वेला सिन्नर, येवल्याकडे आणखी कमी होतो. गंगापूर रोडच्या भुरभुर पावसात सकाळी फिरताना छान वाटलेली टोपी अंजनेरीच्या पठारावर तासाभरात मान टाकते, ती यामुळेच. चांदवडच्या बाजूचे डोंगर किंवा रामशेज एवढंच मनात असेल तर फार खर्च करू नका. तिकडे सर येते, जाते, मध्ये ऊनही पडतं. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात झड लागली की दिवसभर उसंत नसते.

पावसाइतकाच वाराही बघावा लागतो. ब्रह्मगिरीची धार, अंजनेरीचं उघडं पठार, कळसूबाईचा माथा या ठिकाणी पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. कड्याच्या तोंडाशी तर वारा खालून वर उसळतो आणि थेंब हनुवटीखालून येतात. अशा जागी रुंद कडेची हॅट पतंगासारखी उचलली जाते.

हरिहरचं गणित आणखी निराळं. तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, हात खोबणीत अडकवून चढावं लागतं आणि पुढची पायरी बघायला मान सतत वर करावी लागते. हॅटची मागची कड सॅकला टेकते, पुढची कड डोळ्यांवर येते, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्याने ती सरकवताही येत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवरही थोडंफार असंच होतं. नवख्यांनी भर पावसात हरिहरला जाऊच नये असं माझं मत आहे. ते बाजूला ठेवलं तरी या चढाला रुंद हॅट नको, एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात गर्दी आणि अपघातांमुळे काही डोंगरांवर अधूनमधून बंदी येते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करणार असाल तर छत्रीसुद्धा चालते. वाट लांब असली तरी बरीचशी चालण्याची आहे. पण गर्दीत छत्रीची काडी दुसऱ्याच्या डोळ्याशी येते, म्हणून तिथेही टोपीच बरी.

पायरी २: प्रकार निवडा

बाजारात ढीगभर नमुने दिसले तरी आपल्या कामाचे तीनच.

पहिला, पुढे चोच असलेली साधी कॅप आणि तिच्यावर रेनकोटचा हूड. पहिल्या पावसाळ्यासाठी मी हीच जोडी सांगेन. चोचीमुळे हूड कपाळावर घसरत नाही, चेहऱ्यासमोर थोडी मोकळी जागा राहते आणि पाणी चष्म्याच्या पुढे गळतं. आतली कॅप वॉटरप्रूफ असायची गरज नाही, पॉलिएस्टरची पातळ, लवकर वाळणारी पुरते. धावायला वापरतात तसली कॅप घरात असेल तर एक पैसाही खर्च करायला नको. सुती कॅप मात्र टाळा, ती पाणी पिऊन बसते आणि दिवसभर वाळत नाही. या जोडीत एक उणीव आहे. हूडमुळे ऐकू कमी येतं आणि उकडतं. वरून दगड सुटला, ओढ्याचा आवाज वाढला, मागच्याने हाक मारली, तर कान उघडे असलेले बरे. म्हणून पाऊस कमी झाला की हूड मागे टाकायची सवय लावून घ्या.

दुसरा, सगळीकडून कड असलेली वॉटरप्रूफ हॅट. हिच्यात वारा खेळतो, ऐकू नीट येतं, मान आणि कान दोन्ही झाकतात. अंजनेरीच्या पायऱ्या, फेरीची वाट, भंडारदऱ्याच्या बाजूची जंगलातली चाल, अशा ठिकाणी हिच्यासारखं सुख नाही. कड साधारण अडीच ते तीन इंच असावी. त्याहून कमी असली तर पाणी कॉलरमध्ये जातं, जास्त असली तर वाऱ्यात फडफडते आणि सॅकला अडते.

तिसऱ्यात पुढची कड आखूड आणि मागची लांब असते. समुद्रावरचे मच्छीमार पूर्वीपासून असली टोपी वापरत आले आहेत. मागे लांब कड कशाला, ते समजायचं असेल तर आपल्याकडचं इरलं आठवा. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताच्या आवणीच्या वेळी बांबू आणि पानांचं इरलं डोक्यावरून पाठीवर घ्यायचे. आता बहुतेक जण प्लॅस्टिकचा कागद घेतात. वाकून काम करणाऱ्याच्या मानेवर आणि पाठीवर पाऊस पडतो, म्हणून इरलं मागे लांब आणि पुढून उघडं. चढावर आपणही वाकलेलेच असतो. फक्त आपल्या पाठीवर सॅक असते, त्यामुळे मागची लांब कड मऊ हवी. ताठ असली तर प्रत्येक पावलाला सॅकवर आपटून टोपी पुढे ढकलली जाते.

कानपट्ट्या असलेल्या, आत फर किंवा जाड अस्तर असलेल्या टोप्या हिमालयासाठी ठेवा. त्र्यंबकच्या वाटेवर मिळणारी पातळ प्लॅस्टिकची टोपी एका दिवसापुरती ठीक आहे, पण तिच्यात हवा अजिबात खेळत नाही आणि ती वाऱ्यात फाटते. फाटलेला तुकडा डोंगरावर टाकून येऊ नका, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

पायरी ३: लेबल वाचा, पण त्याला भुलू नका

वॉटरप्रूफ आणि वॉटर रेझिस्टंट यांत बराच फरक आहे. वॉटर रेझिस्टंट म्हणजे पाणी थोडा वेळ अडवणारं. भुरभुर पावसात ते चालतं, झडीत नाही. वॉटरप्रूफ कापडावर बऱ्याचदा मिलिमीटरमध्ये एक आकडा दिलेला असतो, ५०००, १०,००० असा. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीला पाणी आत झिरपायला लागेल, त्याचं ते माप आहे. १०,००० म्हणजे १० मीटर उंचीचा स्तंभ. जॅकेटला मोठा आकडा लागतो, कारण सॅकचे पट्टे खांद्यावर कापड दाबत असतात. टोपीवर तसला दाब येत नाही, तेव्हा ५००० पुष्कळ झाले. केवळ या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

दुसरा आकडा श्वास घेणाऱ्या कापडाचा, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या. १९७० च्या दशकात बाजारात आलेलं गोअर-टेक्स आणि त्यानंतरची त्या धाटणीची कापडं यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्यातल्या पातळ पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. युक्ती चांगली आहे, मात्र वाफ बाहेर जायला आत आणि बाहेर फरक लागतो. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत तो भरपूर मिळतो. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब आणि वर उबदार, मग वाफ जाणार कुठे? म्हणून महागाच्या पडद्याचा जेवढा उपयोग मनालीला होतो तेवढा इगतपुरीला होत नाही. इथे कडेखालून किंवा बाजूच्या जाळीतून खेळणारी हवा जास्त कामाची. जाळी असेल तर ती वरच्या कापडाच्या पदराखाली झाकलेली हवी, नाहीतर पाऊस तिथूनच येईल.

बाहेरच्या कापडाला पाणी झटकणारा एक थर दिलेला असतो. नव्या टोपीवर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, ते या थरामुळे. वापराने, चिखलाने, घामाने तो उतरतो. मग बाहेरचं कापड पाणी शोषतं, जड होतं आणि वाफेची वाट बंद पडते. टोपी गळत नसली तरी आतून ओली लागते आणि लोकांना वाटतं टोपी बिघडली. तो थर पुन्हा जागा करता येतो, ते पुढे सांगतो.

पायरी ४: शिवण आणि बारीकसारीक गोष्टी

टोपी बहुतेक वेळा कापडातून गळत नाही, शिवणीतून गळते. सुई गेली की भोक पडलं. चांगल्या टोपीत शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते, अस्तर उलटून बघितलं तर चकचकीत पट्टी दिसते. अस्तर शिवून बंद केलेलं असेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्याच्या उत्तरावर विसंबण्यापेक्षा घरी पाणी ओतून बघा.

मग या जागा तपासा.

माथ्यावरचं बटण. सहा तुकडे जिथे एकत्र येतात तिथे सगळ्या शिवणी मिळतात आणि वर बटण ठोकलेलं असतं. नेमकं टाळूवर पाणी येण्याची ही जागा. बटण नसलेली, किंवा माथा एकाच कापडाचा असलेली टोपी मिळाली तर ती घ्या.

कपाळावरचं भरतकाम. कंपनीचं नाव दोऱ्याने भरलेलं असेल तर त्या जागी शेकडो टोचे पडलेले असतात. छापलेलं नाव बरं. दिसायला भरतकाम भारी असतं, पण तिथून पाणी थेट कपाळावर उतरतं.

कपाळाशी येणारी आतली पट्टी. टॉवेलच्या कापडाची जाड पट्टी घाम टिपते हे खरं, पण भिजली की कडेवरचं पाणी वातीसारखं आत ओढते. पातळ, लवकर वाळणारी पट्टी बघा.

चोचीच्या आत काय आहे? स्वस्त कॅपमध्ये कधीकधी पुठ्ठा असतो. भिजला की तो वाकडा होतो तो कायमचाच. चोच हळूच वाकवून सोडा. लगेच सरळ झाली तर आत प्लॅस्टिक किंवा फोम आहे. घडी राहिली तर पुठ्ठा समजा आणि टोपी परत ठेवा.

दोरी. हनुवटीखाली घ्यायची दोरी आणि ती आवळायचा खटका हवाच. त्र्यंबकच्या बाजूला दोरीशिवायची हॅट नेणं म्हणजे ती दरीला वाहणं. खटका ओल्या बोटांनी, शक्यतो एका हाताने सरकवता येतो का ते दुकानातच बघा. दोरी मागे डोक्याच्या खालीही अडकवता आली तर उत्तम, शिड्यांवर हनुवटीखाली लोंबणारी दोरी नको वाटते. कॅपला दोरी नसते. तिच्या मागच्या पट्ट्यात पातळ नाडीचं एक टोक बांधायचं आणि दुसरं कपड्याच्या चिमट्याने कॉलरला लावायचं. कॅप उडाली तरी पाठीवर लोंबते. सेफ्टी पिन वापरू नका, ती रेनकोटला भोक पाडते.

रंगाबद्दल दोन शब्द. काळा, करडा, लष्करी हिरवा हे रंग दुकानात देखणे वाटतात, पण अंजनेरीवर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. नारिंगी किंवा पिवळी टोपी ग्रुपमधल्या शेवटच्या माणसाला तरी द्या.

पायरी ५: डोक्यावर घालून बघा

शिंप्याचा टेप कानांच्या थोडा वर आणि भुवयांच्या वरून डोक्याभोवती गुंडाळा. जो आकडा येईल तो सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, ऑनलाइन मागवताना माप हेच लागतं. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या आणि मागचा पट्टा आवळा. घट्ट टोपीने दोन तासांत कपाळ ठणकायला लागतं.

लांब केस असतील तर ट्रेकला जसे बांधता तसेच बांधून टोपी घाला. अंबाडा असेल तर बहुतेक हॅट पुढे झुकतात, खाली बांधलेली वेणी असेल तर बसतात. काही टोप्यांना मागे वेणीसाठी फट असते. पावसात ती फट म्हणजे उघडं दारच, वर हूड असेल तरच चालते.

दुकानात जाताना सॅक आणि रेनकोट घेऊन जा. लोक हसतील, हसू देत. टोपी घालून, सॅक पाठीवर घेऊन चार हालचाली करा: बुटाच्या नाड्या बांधायला वाका, छताकडे बघा, दोन्ही खांद्यांवरून मागे वळा, डोकं जोरात हलवा. वर बघताना मागची कड सॅकला टेकून टोपी डोळ्यांवर आली तर ती टोपी चढासाठी नाही. चष्मा असेल तर त्याच्या काड्यांवर टोपीचा दाब येत नाही ना, तेही बघून घ्या.

पायरी ६: घरी पाणी ओता

टोपी परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. आणल्याच दिवशी केलं तर उत्तम. लेबल काढू नका, फक्त बिल जपून ठेवा. ओली टोपी परत घेणार का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घेतलेलं बरं.

न्हाणीघरात पालथ्या वाटीवर किंवा छोट्या पातेल्यावर टोपी ठेवा, आत टिश्यू पेपर पसरा आणि शॉवर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. शॉवर नसेल तर मगाने थांबून थांबून पाणी ओता. टिश्यूवर जिथे ओला ठिपका दिसेल तिथली शिवण गळते. एखादा बारीक ठिपका चालतो, माथ्यावर थारोळं दिसलं तर टोपी परत करा. मग ती घालून शॉवरखाली उभे राहा आणि मान खाली, वर, बाजूला करा. कडेवरून पडणाऱ्या पागोळ्या कुठे जातात ते बघायचं. पुढे पडल्या तर छान, मानेवर आल्या तर कड आखूड आहे किंवा मागे उतरलेली आहे.

यानंतर लगेच कळसूबाईला धावू नका. पांडवलेणी शहरालगतच आहेत, पायऱ्यांचा चढ मोजका आहे आणि टोपीने दगा दिला तर आसऱ्याला वर लेणी आहेतच. पाऊस चांगला लागलेला असताना एक फेरी तिथे मारा. वाऱ्याची चाचणी घ्यायची असेल तर दिंडोरी रस्त्याकडच्या रामशेजवर जा. तिथला माथा उघडा आहे आणि दोरी, कड, खटका सगळ्यांची परीक्षा होते.

पहिल्या ट्रेकला सॅकमध्ये एक कोरडा रुमाल किंवा बफ (डोक्याला-गळ्याला घालायचं नळीसारखं पातळ कापड), आणि चष्मेवाल्यांनी सुती कापडाचा तुकडा झिपच्या पिशवीत ठेवावा. टोपीखाली बफ बांधला तर घाम डोळ्यांत उतरत नाही. अर्ध्या वाटेवर तो पिळायचा आणि पुन्हा बांधायचा.

घरी आल्यावर

ओली टोपी सॅकमध्ये तशीच राहिली तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. घरी आल्याबरोबर नळाखाली चिखल धुवा, अस्तर बाहेर काढून पंख्याखाली उलटी टांगा. जुलैत नाशिकला ऊन मिळेलच असं नाही, आणि कडक उन्हाची गरजही नाही.

साबण लावायचाच तर सौम्य, पातळ साबण कोमट पाण्यात घाला आणि हाताने धुवा. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको, पाणी झटकणारा थर त्याने मरतो. ब्रशने घासू नका. वॉशिंग मशीनमध्ये कडेचा आकार बिघडतो.

पाण्याचे मोती होणं थांबलं की टोपी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. मग लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर सुती कापड वर ठेवून मंद इस्त्री फिरवा, किंवा हेअर ड्रायरने सगळीकडून सारखी ऊब द्या. उष्णतेने तो थर बऱ्याचदा पुन्हा काम करायला लागतो. याने फरक पडला नाही तर ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात त्यासाठीचा स्प्रे मिळतो. तो स्वच्छ टोपीवरच मारायचा, मळावर मारला तर फुकट जातो.

आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या टोप्या काही वर्षांनी चिकट होतात आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की लेपाची ही झीज लवकर होते. म्हणून पावसाळा संपल्यावर टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका, कपाटात मोकळी ठेवा. नवी घेतानाही हे उपयोगी पडतं. सवलतीत मिळणारी टोपी कधीकधी दोन-तीन पावसाळे गोदामात पडून राहिलेली असते. ती उलटी करून आतल्या लेपावर अंगठा दाबा. अंगठ्याला चिकटली किंवा आंबूस वास आला, तर निम्म्या किमतीतही ती महागच आहे.